कोरड्या ग्रहावरचे ओघळ

आज सकाळी फोन असा किंचाळला की मी उशीसकट उठून बसले. धुक्याचा इशारा होता. एकदा अरबीत, एकदा इंग्रजीत: समोरचं दिसत नाही, गाड्या ऐंशीच्या वर नेऊ नका. पडदा सरकवून बघते तर समोरची मशीद नाही. मिनाराचं टोक तेवढं वर तरंगत होतं, हिरव्या दिव्यासकट. शेजारच्या व्हिलाची भिंत नाही, खजुराची झाडं नाहीत, आमची स्वतःची गाडीसुद्धा नाही. आपण झोपलेलो असताना कुणीतरी अबू धाबीतली आमची सगळी वस्ती, मोहम्मद बिन झायद सिटी, पुसून ठेवली होती. चहाचं आधण ठेवायचं सोडून मी तशीच खिडकीशी उभी राहिले.

इथले लोक म्हणतात, ह्या देशात ऋतू दोनच. एक उन्हाळा आणि दुसरा कमी उन्हाळा. म्हणोत बापडे. मला विचाराल तर तिसरा आहे आणि तोच माझा लाडका आहे. डिसेंबर-जानेवारीत समुद्राकडून ओल येते, गार झालेल्या वाळूवर अंग टाकते आणि सूर्य वर आला तरी उठायचं नाव घेत नाही. शाळेच्या बस उशिरा येतात. मी जवळच्या मुसाफा ह्या कारखान्यांच्या भागात एका टायपिंग सेंटरमध्ये काम करते, लोकांचे व्हिसाचे, लायसनचे फॉर्म भरून देते. अशा दिवशी तिथं येणाऱ्या माणसांच्या केसांवर बारीक थेंब असतात, आणि एरवी "यल्ला, यल्ला" करून घाई लावत डोकं खाणारे ड्रायव्हरही शहाण्यासारखे बाकावर बसून राहतात. धुक्यात माणसं आपोआप हळू बोलतात. का ते मला कधी कळलेलं नाही.

पण धुकं पडलं की मला आठवतं ते एकच, दोन वर्षांपूर्वीचं. त्या मोसमात माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या एका ग्रहावर शहर बांधलं होतं.

नवरा, म्हणजे सुधाकर, पेंटर आहे. पेंटर म्हटलं की लोक विचारतात, बिल्डिंगचा की चित्रांचा? दोन्ही नाही हो. तो नव्याला जुनं करतो. मुसाफातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये लग्नाची स्टेजं बनतात, मॉलमधली सजावट बनते, प्रदर्शनातले स्टॉल बनतात. सुतार प्लायवुडचं आणि थर्मोकोलचं काहीबाही उभं करतात. मग सुधाकर पातळ रंगाचे हात देत देत त्याचा दगड करतो, नाहीतर गंजलेलं लोखंड, नाहीतर शंभर वर्षांचं लाकूड. शिकला कुठं, तर कुडाळजवळच्या आमच्या गावात, मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत. बाकीची पोरं मूर्तीचे डोळे लिहायला मिळावेत म्हणून भांडायची. ह्याला मागच्या मखराचे खांब रंगवायला आवडायचे. "देवाकडे सगळेच बघतत," तो म्हणायचा, "खांबाकडे कोण बघता?"

घरात मात्र ह्या कलेला किंमत नव्हती. आमची मुलगी सई तेव्हा पंधरा वर्षांची होती. बाबा काय करतात असं कुणी विचारलं की म्हणायची, "ही पेंट्स स्टॉल्स." खोटं नव्हतं, पण तो सूर सुधाकरला लागायचा. चहाचा कप घेऊन तो बाहेरच्या अंगणात जायचा. सई इथंच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आणि वेड एकच, सिनेमा. अंतराळातल्या एका सिनेमाचा पहिला भाग तिनं इतक्यांदा पाहिला होता की पात्रांच्या आधी हीच त्यांची वाक्यं म्हणायची. इंटरनेटवर तिचा चॅनेल आहे, त्यावर ती सिनेमांची परीक्षणं करते. तोंडदेखलं गोड बोलणं तिच्या रक्तात नाही. माझ्या वाढदिवसाच्या केकला तिनं दहापैकी सहा दिले होते, आणि तो मी स्वतः केला होता.

त्याच सिनेमाचा दुसरा भाग वाळवंटातल्या लिव्या गावाच्या पलीकडच्या खारट मैदानावर होणार होता आणि सेटचं काम सुधाकरच्या वर्कशॉपला मिळालं. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. आता सांगितलं तरी चालेल बहुधा, पण सवय लागली ती लागली. कारण कामाबरोबर एक कागद आला होता, बारा पानी, बारीक अक्षरातला. सुधाकर तो घेऊन माझ्यापुढे बसला. मी चष्मा लावून सबंध वाचला. मथितार्थ असा की सिनेमाचं नाव, गोष्ट, सेट, यातलं काहीही, कुणालाही, सिनेमा लागेपर्यंत सांगायचं नाही.

"कुणालाही म्हणजे? सईला पण नाही?"

"सई कुणातच येते."

"अगं, तिचा सिनेमा आहे तो. कळलं तर वेडी होईल ती."

"वेडी होईल आणि चॅनेलवर सांगेल. मग काम जाईल, व्हिसा जाईल आणि तू बसशील गावाला मखरं रंगवत. कागद तो कागद, सुधाकर."

तो बराच वेळ पेनाच्या टोपणाशी खेळत बसला. मग सही करून म्हणाला, "ठीक आहे. सिनेमा लागला की मी थिएटरात तिच्या शेजारी बसणार. माझी भिंत आली की हळूच सांगणार, ही मी केली." बस, एवढंच. त्या एका वाक्यासाठी हा माणूस वर्षभर तोंड शिवून बसायला तयार झाला. त्याला आपल्या लेकीच्या तोंडून एकदा 'चांगलं आहे' ऐकायचं होतं, आणि ते ती ज्याच्यावर जीव टाकते त्या सिनेमातल्या कामाबद्दल.

मला सांगितलं ते कागदात बसत नव्हतंच म्हणा. पण कागद मीच वाचला होता, त्यामुळे माझ्यापुरतं मी कलम वाकवलं. दर रविवारी तो सुट्टीला घरी यायचा, भुवयांत प्लॅस्टर, बुटांत मीठ. मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा मोठा करायचे, म्हणजे पलीकडच्या खोलीत सईला ऐकू जायला नको. आणि त्या घरघरीत, सोलकढीच्या वाटीवर वाकून, तो मला त्या ग्रहाबद्दल सांगायचा.

त्या ग्रहावर ऋतू नाहीत. वारा नाही, पाऊस नाही, ऊनही नाही. कायमची एकच संध्याकाळ. दहा हजार वर्षांपूर्वी तिथं एक शहर होतं, ते सोडून माणसं दूर निघून गेली आणि आता त्यांची पतवंडं परत येतात. ती कायमची संध्याकाळ कुठून आणायची? तर आमच्या धुक्यातून. रोज सकाळी शंभरेक माणसं, कॅमेरे, पोशाख घातलेले नट, सगळे तयार होऊन त्या मिठावर धुक्याची वाट बघत उभे राहायचे. ज्या धुक्याला सगळी अबू धाबी शिव्या घालते, ते एखाद्या दिवशी आलं नाही की तिथं सुतक पडायचं. हे ऐकताना माझा हात कढईत तसाच थांबायचा. ह्याच देशात, आपल्या घरापासून तीन तासांवर, एक संध्याकाळ आहे आणि ती संपतच नाही, ह्या विचारानं मला आठवडाभर कसं छान गुंगल्यासारखं व्हायचं. टायपिंग सेंटरमध्ये एकाच्या जन्मतारखेच्या रकान्यात मी त्याचं नाव टाइप केलं होतं.

सुधाकरचा सुपरवायझर शाजीभाई, केरळचा, हिंदीत बोलणारा. त्यानं फर्मान सोडलं होतं, "सुधाकर भाई, मॅडम को पुराना मांगता. एकदम पुराना. दस हजार साल. यल्ला." मॅडम म्हणजे सेटची सगळी जबाबदारी असलेली परदेशी बाई. आता दहा हजार वर्षं ब्रशनं कशी काढायची? सुधाकर म्हणाला, "मी विचारच केला नाही गं. हात आपोआप चालला." खिडक्यांच्या खाली, कोनाड्यांच्या कडेला, जिन्याच्या पायऱ्यांवर, तो काळपट हिरवा रंग पाण्यागत पातळ करून सोडत गेला. मॅडम आली, भिंतीपुढे उभी राहिली, काळा चष्मा काढला आणि म्हणाली, "ब्युटिफुल." हे त्यानं मला एका रविवारी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा चष्मा काढायचा अभिनय करून.

आणि सई? बाबा आठवडाभर कुठं असतो असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, लिव्याला, रिसॉर्टचं काम चालू आहे. "ओके," म्हणाली आणि हेडफोन लावले. पुढे एक अक्षर विचारलं नाही. मला थापा मारायच्या होत्या तरी तेव्हा राग आला. विचार की पोरी, थोडं खोदून विचार, असं वाटलं.

एका रविवारी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. सुधाकर म्हणाला, चल, तुला काहीतरी दाखवतो. मी म्हटलं, कागद? तो म्हणाला, कागदात सांगू नका लिहिलंय, बघू नका नाही लिहिलेलं. खोटारडा. तसंही लिहिलेलं होतं, पान सातवर. तरी मी साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला आणि गाडीत बसले. तीन तास. शेवटचा एक तास तर रस्ता असा नव्हताच, नुसतं पांढरं. खाली मीठ पांढरं, वर धुकं पांढरं, मध्ये आमची जुनी गाडी. त्यानं एका जागी गाडी थांबवली, काच खाली केली. "समोर बघ."

समोर काही नव्हतं. आम्ही तसेच बसून राहिलो. डब्यातली घावनं खाल्ली. हवेला समुद्राचा वास होता आणि समुद्र कुठंच नव्हता. मग धुकं जरा हललं आणि लांबवर मला कमानी दिसल्या, एकावर एक, जिने, उंच खिडक्या, अर्धवट पडलेला एक बुरूज. मिनिटभर असेल नसेल. मी आधी पटकन डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, मग म्हटलं चुलीत गेला तो कागद, आणि दोन्ही उघडले. ते सगळं थर्मोकोल आहे हे मला माहीत होतं. ते करणाऱ्याच्या बोटांना लागलेला रंग मी स्वतः रॉकेलनं पुसत होते. तरीसुद्धा माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, इथं खरंच कुणीतरी राहत होतं आणि त्यांना जावं लागलं. सुधाकर शहराकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

पुढच्या धुक्यात सिनेमा लागला.

शुक्रवारी दुपारचा खेळ. सुधाकरनं इस्त्रीचा निळा शर्ट घातला, दोनदा दाढी केली. सई म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ मूव्ही." आमची बसायची रांग ठरलेली होती: एका बाजूला मी, मध्ये तो, त्याच्या पलीकडे सई. अंधार झाला. अंतराळयान आलं, गेलं. नायकाचा बाप मेला. मला त्यात काही गम्य नव्हतं, माझं लक्ष शेजारी. त्याचा पाय हलत होता. आणि मग पडद्यावर धुकं आलं, आमचं धुकं, आणि धुक्यातून ती भिंत पुढे आली. एवढी मोठी! तिच्यावरून कॅमेरा सावकाश वर चढत गेला. खिडकीच्या खालून काळपट हिरवे ओघळ उतरले होते. मला एकदम आमच्या गावच्या शाळेची मागची बाजू दिसली. सुधाकर सईकडे झुकला, त्याचं तोंड उघडलं.

आणि सई हसली. फिसकन नाही, चांगली मोठ्यांदा. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

"बाबा, लुक! रेन मार्क्स! ज्या ग्रहावर पाऊसच नाही, तिथल्या भिंतीवर पावसाचे ओघळ! हू डिड धिस?"

सुधाकरनं तोंड मिटलं. जरा वेळानं म्हणाला, "खरंच की."

पुढचा सिनेमा मला आठवत नाही.

आमच्या गावाकडे चार महिने पाऊस जांभ्या दगडाला धुऊन काढतो. पागोळ्या जिथं जिथं पडतात तिथं शेवाळ धरतं, मग ते वाळून काळं होतं, पुन्हा पुढच्या वर्षी हिरवं. खिडकीखाली ओघळ नाही अशी जुनी भिंत सुधाकरनं पाहिलेलीच नाही, मीही नाही. आम्हाला जुनं म्हणजे ओलं. दहा हजार वर्षं काढ म्हटल्यावर त्याच्या हातानं दहा हजार पावसाळे काढले. आणि त्या मॅडमला, तिच्या हाताखालच्या माणसांना, शाजीभाईला, कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही, कारण ती सगळीच पावसाच्या गावांहून आलेली. चूक दिसली ती आमच्या पोरीला. ती वाळवंटात वाढली. तिला ओघळ म्हणजे गावची भिंत, जुलैच्या सुट्टीत दिसणारी, इथली नव्हे.

त्या आठवड्यात जगभरच्या समीक्षकांनी सिनेमाचं पार भरीत केलं. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर परीक्षणं वाचायचे आणि संध्याकाळी सुधाकरला मराठीतून सांगायचे, कारण त्यानंच तसं सांगितलं होतं. कुणी म्हणे पहिल्या भागाचा जीवच यात उतरला नाही. कुणी म्हणे लांबलं. कुणी म्हणे नायिकेला नुसतं क्षितिजाकडे बघायला ठेवलंय. एकाला शेवट समजला नव्हता, दुसऱ्याला तो फारच लवकर समजला होता. सुधाकर सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा.

"भिंतींबद्दल काही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "भिंतींबद्दल?" एकानं एका ओळीत लिहिलं होतं की देखावे देखणे आहेत. ती ओळ त्यानं मला तीनदा वाचायला लावली. देखणे म्हणजे भिंतीच ना, की मैदान पण त्यात आलं? मी म्हटलं, भिंतीच. काय करणार?

मग सईचं परीक्षण आलं, अकरा मिनिटांचं. ती शाळेत गेल्यावर आम्ही दोघांनी ते जेवणाच्या टेबलावर फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून पाहिलं. पहिली सात मिनिटं गोष्ट, नट, संगीत. उरलेली चार भिंत. एकेक चौकट थांबवून, गोल काढून, बाण काढून. इथं बघा, पाणी वरून खाली आलंय. इथं साचलंय. इथं बुरशी आहे. ज्यानं हे केलं त्याला गोष्ट कुणी सांगितली नव्हती का? आणि मध्येच हसू. माझा पारा असा चढला की मी फोन पालथा घातला.

"आज येऊ दे तिला घरी. सांगते कुणी केलंय ते."

"गप रव," सुधाकर म्हणाला. चिडला की त्याची मालवणी वर येते. "तिचा बरोबर आसा."

"बरोबर असेल! बापाची जाहीर टर उडवायची?"

"बापाची नाही उडवली. भिंतीची उडवली." त्यानं फोन सुलटा केला, पुन्हा मागे नेला. "चार मिनिटं, बघ. अख्ख्या जगात कुणी बघितली नाही माझी भिंत. हिनं चार मिनिटं बघितली."

त्याचे डोळे भरले होते. रागानं की आनंदानं, मला सांगता येणार नाही, आणि त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. सांगायचं नाही. आता कागदाची मुदत संपली तरी नाही. "आता कळलं तर ती वाईट वाटून चांगलं म्हणेल. तसलं चांगलं मला नको." मला म्हणायचं होतं, मीच तुझं तोंड शिवलं, आधी सांगू दिलं असतं तर ती हसली नसती. पण मग तिनं जे म्हटलं असतं ते खरं असतं का, ह्याची मला खात्री नव्हती. मी मसाल्याचा डबा जागेवर ठेवला.

सईच्या त्या चार मिनिटांवरून पुढे बराच गदारोळ झाला. तिच्यासारख्याच सिनेमावेड्या पोरांनी ते ओघळ उचलले. काही म्हणत, ही चूक नाही, ही खूण आहे, पूर्वी तिथं पाऊस होता आणि ते गुपित तिसऱ्या भागात उघड होणार. सई त्यांच्याशी तावातावानं भांडायची. "इट्स नॉट अ क्लू, इट्स अ मिस्टेक." सुधाकर शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेला. पान उलटायचा नाही. मला तो सगळा मोसम असा आठवतो: खिडकीबाहेर पांढरं, आत आमची मुलगी स्क्रीनशी वाद घालते आहे, आणि तिच्यापासून दोन हातांवर त्या भिंतीचा धनी आपला काही संबंधच नसल्यासारखा शांत बसलेला. डोक्यात दोघांच्याही एकच गोष्ट, पण एकमेकांशी बोलणं नाही.

यंदाचं धुकं लागलं आणि शाजीभाईचा फोन आला. तिसरा भाग होतोय. "मॅडम को पुराना मांगता," तो म्हणाला, "लेकिन सूखा. लोगों ने बहुत चिल्लाया." नमुन्याची एक फळी करून पाठवायची होती. ती पसंत पडली तर शहराच्या आतल्या सगळ्या भिंती सुधाकरच्या. सुधाकरनं अंगणात प्लाय टाकलं आणि कामाला लागला. एक केली, पुसली. दुसरी केली, तीही पुसली. भेगा काढल्या तर हात भेगेतून खाली पाणी सोडायचा. धूळ चढवली तर धुळीत पाण्याच्या वाटा पडायच्या. चौथ्या दिवशी त्यानं ब्रश डब्यात उभा केला, हात धुतले आणि सरळ सईच्या खोलीत गेला. शनिवार होता. ती युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरत होती. मी दारात.

"सई, कोरडी भिंत म्हातारी कशी होते?"

"व्हॉट?"

"त्या ग्रहावरची. तुझं म्हणणं बरोबर होतं, ओघळ चुकलेच. ते मी काढले होते. आता नवीन करायचंय आणि मला जमत नाहीये."

सईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेनंच हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून जे काय गेलं ते मला बघवेना.

"यू वेअर सिटिंग नेक्स्ट टू मी," ती म्हणाली. "आय लाफ्ड."

"हो. मोठ्यांदा."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर आज तुला विचारायला आलो असतो का?"

ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशी. सुधाकर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, तो व्हिडिओ काढून बिढून टाकायचा नाही हं, माझ्याकडे तेवढाच एक आहे. त्यावर रडता रडता हसली. मग नाक पुसून, खुर्ची वळवून बसली आणि परीक्षण करतानाचा तिचा आवाज लागला. ओके. पाऊस नाही. वारा नाही. ऊन नाही. म्हणजे त्या भिंतीला हात लावणारं दुसरं कुणीच नाही. फक्त माणसं. "ओन्ली पीपल, बाबा."

 सुधाकर तिच्या खोलीच्या भिंतीकडे बघत राहिला. मग अंगणात गेला.

रविवारी संध्याकाळी त्यानं आम्हाला बोलावलं. फळी भिंतीला टेकवून उभी केली होती. साधा फिकट पिवळा रंग, कुठं भेग नाही, पोपडा नाही. आणि त्यावर गोलसर डाग, नारळाएवढे, काळपट, तेलकट चकाकणारे. चार खालच्या ओळीत, चार वरच्या. प्रत्येकाच्या बाजूला, हात टेकून उठावं तिथं, बोटांनी मळलेली एक जागा. भिंत पन्नास वर्षांची होती की दहा हजार, सांगता आलं नसतं. पण तिथं माणसं राहत होती, ह्यात तिळमात्र शंका नव्हती.

"व्हॉट इज इट?" सईनं विचारलं.

"अल क्वोजची खोली," सुधाकर म्हणाला. "दुबईत आलो तेव्हा राहायचो ती, कामगारांच्या कॅम्पमधली. आठजण होतो. चार खाली, चार वर, असे लोखंडी पलंग. कामावरून आलं की चढून बसायचं पलंगावर, भिंतीला डोकं टेकून. सगळ्यांच्या डोक्याला खोबरेल. माणूस गावाला निघून गेला तरी त्याचा डाग राहायचा. नवा यायचा तो त्यालाच डोकं टेकायचा."

लग्नानंतरची पहिली सात वर्षं तो तिथं होता आणि मी गावाला. सई तेव्हा नव्हती. त्या खोलीबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नव्हता आणि खरं सांगायचं तर माझ्याशीही नाही. तेलाची बाटली मात्र मीच पाठवायचे, इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, प्लास्टिकच्या तीन पिशव्या गुंडाळून.

मी सईकडे बघत होते. ही आता कुठंतरी बोट ठेवणार, अमुक चुकलं म्हणणार, असं मला वाटलं. ती फळीच्या अगदी जवळ गेली. एकेका डागापुढे थांबत डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा वरच्या ओळीतून परत आली. सुधाकरनं हातातलं फडकं पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"विच वन इज यूअर्स?" तिनं विचारलं.

त्यानं वरच्या ओळीतल्या शेवटच्या डागाकडे बोट केलं. "हा. दाराकडचा. एसीची हवा तिथवर पोचायची नाही, म्हणून नव्या माणसाला द्यायचे. मी पुढे बदललाच नाही."

सात वर्षं दर शुक्रवारी मी त्याला फोन करत होते. जेवलास का, ताप उतरला का, कधी येतोस. त्या खोलीत तू नेमका कुठं निजतोस, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.